तळ्याभोवतीची भिंत : भरतपूर, म्हशी आणि सलीम अली

'फिर्दौस' हा शब्द आपल्या घरात मुलींच्या नावात असतो, मोहल्ल्यात दुकानाच्या पाटीवर असतो आणि मुशायऱ्यात तर असतोच. कुरआनात तो दोन ठिकाणी आला आहे, सूरह कहफमध्ये आणि सूरह मुमिनूनमध्ये. जन्नतचा सर्वांत वरचा दर्जा म्हणून आपण तो ओळखतो. या शब्दाचे मूळ मात्र प्राचीन इराणी भाषेत सापडते. तिथे त्याचा अर्थ होता, 'भोवताली भिंत घातलेली जागा'. तोच शब्द ग्रीकांनी उचलला आणि पुढे इंग्रजीत तो 'पॅराडाइज' झाला.

यातली गंमत लक्षात घेण्यासारखी आहे. कोरड्या मुलखातल्या माणसाने सुखाची जागा कल्पिली, तेव्हा त्याला पाणी आणि झाडे यांच्याबरोबर भिंतही आठवली. भिंतीच्या आत कालवा, हौद, फळझाडे आणि बाहेर शेळ्यामेंढ्या, उंट, रानडुकरे. आतल्या हिरवळीला बाहेरच्या तोंडापासून वाचवायचे, हा बागकामातला सर्वांत जुना धडा आहे. आजही ज्याच्या अंगणात लहानसे तळे आहे आणि त्यात कमळ लावले आहे, तो पहिला प्रश्न हाच विचारतो की, जनावरांपासून हे वाचवायचे कसे?

बाबर १५२६ साली हिंदुस्थानात आला, तेव्हा त्याने सोबत हीच चौकट आणली. इथल्या उन्हाची, धुळीची आणि वाहत्या पाण्याच्या अभावाची तक्रार त्याने आपल्या आत्मचरित्रात केली आहे. तक्रार करून तो थांबला नाही, बागा करायला लागला. आग्र्याच्या दक्षिणेला धौलपूरजवळ त्याने खडक कोरून एक बाग उभी केली. त्या बागेतला हौद कमळाच्या आकाराचा आहे. शतकानुशतके विस्मरणात गेलेली ही जागा १९७८ मध्ये एलिझाबेथ मॉयनिहान या अमेरिकन अभ्यासक महिलेने पुन्हा ओळखून काढली. दगडात कोरलेल्या कमळाला ना म्हैस खाते, ना पाणकोंबडी. जिवंत कमळाचे तसे नसते.

याच आग्रा परिसरात, फतेहपूर सिक्रीपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर एक वेगळे तळे आहे. तिथेही पाणवनस्पती वाचवण्यासाठी जनावरे बाहेर ठेवण्यात आली. भिंत घातली गेली, कायदा लावला गेला, शेवटी गोळीही चालली. पुढे जे घडले ते भिंत घालणाऱ्यांना अपेक्षित नव्हते. भरतपूरच्या केवलादेव घना पक्षी उद्यानाचा हा इतिहास आहे, आणि मुंबईच्या एका मुस्लिम शास्त्रज्ञाचे नाव त्यात सुरुवातीपासून गुंतलेले आहे.

राजाचे तळे

भरतपूरचे पाणथळ निसर्गाने आयते दिलेले नाही. जमीन मुळात खोलगट होती, पावसाळ्यात तिथे पाणी साचे. अठराव्या शतकात जाट राजा सूरजमल यांच्या काळात गंभीर आणि बाणगंगा या नद्यांचे पाणी अडवणारा अजान बांध झाला आणि या खोलगट भागात पुराचे पाणी येऊ लागले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संस्थानाने तिथे छोटे बांध, पाट आणि पाणी सोडण्याच्या झडपा बसवल्या. हेतू पक्ष्यांवर प्रेम करण्याचा नव्हता. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारी बदके उतरावीत आणि पाहुण्यांना त्यांची शिकार करता यावी, एवढाच तो होता. १९०२ साली व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांच्या उपस्थितीत इथल्या मोठ्या शिकारींचा आरंभ झाला.

तळ्याच्या मध्यभागी केवलादेवाचे, म्हणजे शंकराचे मंदिर आहे. त्यावरूनच उद्यानाला नाव पडले. मंदिराजवळ दगडी पाट्या आहेत. कोणत्या दिवशी कोण पाहुणा आला, बंदुका किती होत्या आणि पक्षी किती पडले, याचा हिशेब त्यावर कोरलेला आहे. त्यातला सर्वांत मोठा आकडा १२ नोव्हेंबर १९३८ चा. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या शिकारीत त्या एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले.

योगायोग असा की, त्याच दिवशी मुंबईच्या सलीम मोइजुद्दीन अब्दुल अली यांना ४२ वर्षे पूर्ण झाली होती. जन्म १२ नोव्हेंबर १८९६. लहानपणीच आईवडील गेले, मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांच्या घरी खेतवाडीत ते वाढले. पोरवयात छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या पिवळ्या कंठाच्या चिमणीची ओळख पटवायला ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि तिथेच त्यांच्या आयुष्याची दिशा ठरली. अलिबागजवळच्या किहीमला राहून त्यांनी सुगरणीच्या घरट्यांचा जो अभ्यास केला, तो पक्षिशास्त्रात त्यांचे नाव करून गेला.

बादशहाचा चित्रकार आणि मुंबईचा पक्षितज्ज्ञ

सलीम अली यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस एक लेखमाला लिहिली होती. विषय होता, निसर्गाचे अभ्यासक आणि शिकारी म्हणून मोगल बादशहा. आपल्याकडे मोगलांचा इतिहास लढाया आणि इमारती यांच्या पलीकडे फारसा जात नाही. सलीम अलींनी त्यातला तिसरा धागा उचलला. जहांगीरने सारसाची एक जोडी पाळली होती. लैला आणि मजनू अशी त्यांची नावे. ती जोडी घरटे कसे करते, अंड्यांवर नर केव्हा बसतो आणि मादी केव्हा, हे बादशहाने स्वतः पाहून आपल्या आठवणींत नोंदवले. आजचा पक्षिनिरीक्षक वहीत जे लिहितो, त्याच जातीची ती नोंद आहे.

जहांगीरच्या दरबारात उस्ताद मन्सूर नावाचा चित्रकार होता. बादशहाने त्याला 'नादिर-उल-अस्र', म्हणजे आपल्या काळातला अद्वितीय, असा किताब दिला होता. पांढराशुभ्र अंग, लालसर चेहरा आणि लांब पाय असलेल्या सायबेरियन क्रौंचाचे चित्र मन्सूरच्या नावावर आहे. कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये ते जपलेले आहे. या पक्ष्याला शास्त्रीय नाव मिळाले ते १७७३ मध्ये, पीटर पल्लास या शास्त्रज्ञाकडून. म्हणजे युरोपच्या शास्त्राने नाव देण्याच्या सुमारे दीडशे वर्षे आधी हा पक्षी हिंदुस्थानातल्या एका मुसव्विराने बारकाईने पाहून कागदावर उतरवला होता.

हाच सायबेरियन क्रौंच भरतपूरचा सर्वांत मोलाचा पाहुणा. उत्तरेतल्या थंड प्रदेशातून हजारो किलोमीटर उडून तो हिवाळ्यात इथे येई. विसाव्या शतकाच्या मध्यावर भारतात तो नियमित दिसण्याची हीच एक प्रमुख जागा उरली होती. १९६० च्या दशकात भरतपुरात सुमारे दोनशे क्रौंच उतरत. आपल्या विषयासाठी या पक्ष्याची एक सवय महत्त्वाची आहे. तो उथळ पाण्यात उभा राहतो, लांब चोच चिखलात खुपसतो आणि लव्हाळ्यासारख्या पाणवनस्पतींचे कंद उपटून खातो. बागवानाच्या भाषेत सांगायचे तर हा पक्षी म्हणजे तळ्यातल्या झाडांची नासधूस करणारा जीव. पण त्याच्यासाठीच ते तळे राखायचे होते.

स्वातंत्र्यानंतर या तळ्यावर पहिले संकट आले ते जमिनीच्या मागणीचे. संस्थान गेले होते, लोकांना शेती हवी होती. राजाच्या शिकारीची जागा कोरडी करून ती कसणाऱ्यांना का देऊ नये, हा प्रश्न चुकीचा नव्हता. सलीम अली यांनी पंडित नेहरूंकडे रदबदली केली आणि तळे वाचले. १९५६ मध्ये ते पक्षी अभयारण्य झाले. माजी राजघराण्याचा शिकारीचा हक्क मात्र १९७२ पर्यंत चालू राहिला. राजाला बंदूक चालवता येत होती, तोवर गावकऱ्याच्या म्हशीलाही आत चरता येत होते, हे इथे ध्यानात ठेवायला हवे.

नोव्हेंबर १९८२

उद्यानाचे एकूण क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर. त्यापैकी साधारण एक तृतीयांश भाग पावसाळ्यानंतर पाण्याखाली जातो. पाण्याची खोली एक-दोन मीटर. भोवताली गावे आहेत. त्या गावांची सुमारे अडीच हजार गुरे आणि म्हशी पिढ्यान् पिढ्या इथे चरत होत्या. बायका गवत कापून नेत, सरपण नेत. वाळ्याची मुळे खणून विकणारेही होते. भूमिहीन घरासाठी एक म्हैस म्हणजे दूध, शेणी आणि अडीनडीला विकता येईल अशी ठेव. अशा घराला गायरान गेले की म्हैसही जाते.

१९७० च्या दशकात देशात वन्यजीव संरक्षणाचे वारे वाहू लागले होते. १९७२ चा कायदा झाला होता. भरतपूर १९८१ मध्ये रामसर यादीत गेले, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा ठरले. पाठोपाठ ते राष्ट्रीय उद्यान झाले. अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान यांच्यात कायद्याने मोठा फरक आहे. अभयारण्यात चराईला परवानगी देता येते. राष्ट्रीय उद्यानात पाळीव जनावरांच्या चराईला जागाच नाही.

तज्ज्ञांचे मतही त्याच बाजूचे होते. म्हशी पाण्यात उतरतात, पाणवनस्पती खातात, तळ तुडवतात, पक्ष्यांना त्रास होतो, म्हणून त्या बाहेर काढाव्यात असे सलीम अलींसह बहुतेक संवर्धनवाद्यांना वाटत होते. त्यामागे वाईट हेतू नव्हता. त्या काळात जगभर हेच मानले जात होते की, माणूस आणि त्याची गुरे हटवली की निसर्ग आपोआप सावरतो. उद्यानाभोवती दोन मीटर उंचीची भिंत उभी राहिली. फिर्दौसचा तोच जुना अर्थ पुन्हा एकदा जमिनीवर उतरला.

नोव्हेंबर १९८२ मध्ये चराईबंदी लागू झाली. गुरांसाठी दुसरी सोय केलेली नव्हती. गावकऱ्यांनी विरोध केला, जमाव आणि पोलीस समोरासमोर आले आणि गोळीबार झाला. त्यात गावकरी मारले गेले. मंदिराजवळच्या पाटीवर एका दिवसात मेलेल्या बदकांचा आकडा कोरलेला आहे. या माणसांच्या नावाची पाटी तिथे नाही.

तळे गवताने भरले

इथून पुढचा भाग शास्त्राचा आहे आणि तो नीट समजून घ्यायला हवा. सुदैवाने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९८० मध्ये, म्हणजे बंदीच्या आधीच, भरतपूरच्या परिसंस्थेचा दीर्घ अभ्यास सुरू केला होता. त्यामुळे म्हशी असताना तळे कसे होते आणि त्या गेल्यावर कसे झाले, या दोन्ही काळांतली मोजमापे हाती आली. डॉ. व्ही. एस. विजयन यांच्या नेतृत्वाखाली हे काम दहा वर्षे चालले.

म्हशी गेल्यावर पाणवनस्पती वाढल्या. त्यासाठीच तर बंदी होती. पण सगळ्या वनस्पती सारख्या प्रमाणात वाढल्या नाहीत. 'पास्पालम' नावाचे एक गवत सर्वांच्या पुढे गेले. हे गवत काठावर मूळ धरते आणि पाण्यावर आडवे पसरत जाते. त्याच्या कांड्यांना पेराजवळ नवी मुळे फुटतात. वरून पाहिले तर हिरवी चटई अंथरल्यासारखे दिसते. म्हशींना हे गवत आवडते. मानेपर्यंत पाण्यात बसून त्या ते ओरबाडून खात, त्यांच्या खुरांनी त्याची गुंतलेली जाळी तुटे आणि मधूनमधून पाणी मोकळे राही. शेण पाण्यात पडे, त्यावर कीटक वाढत, कीटकांवर मासे. हा सगळा व्यवहार कोणी कागदावर मांडलेला नव्हता, तो नुसता चालू होता.

म्हशी थांबल्या आणि काही वर्षांत पास्पालमने उथळ पाण्याचा मोठा भाग व्यापला. उघडे पाणी कमी झाले. पाण्यात बुडी मारणाऱ्या आणि पोहणाऱ्या बदकांना उतरायला जागा हवी असते, ती आक्रसली. वाळलेले गवत तळाशी साचून कुजू लागले. ते कुजताना पाण्यातला प्राणवायू खाते, तळ वर येतो, तळे उथळ होते. पावसाळ्यात पाटाच्या पाण्याबरोबर माशांची पिल्ले आत येतात आणि त्यांच्यावरच चित्रबलाक, पाणकावळे, बगळे यांची वीण अवलंबून असते. दाट गवतात माशांची वाढ खुंटली आणि जे मासे होते ते पक्ष्यांना पकडता येईनात. आखूड गवत चरणाऱ्या पट्टकादंबासारख्या हंसांना उंच दाट गवताचा उपयोग नव्हता. कंद खणणाऱ्या क्रौंचाची चोच त्या चटईखालच्या चिखलापर्यंत पोचणे अवघड झाले.

सोसायटीचा अंतिम अहवाल १९९१ मध्ये आला. म्हशी या परिसंस्थेचा भाग आहेत आणि त्यांच्याविना तळे गवताने भरत चालले आहे, हा त्याचा निष्कर्ष होता. ठरावीक प्रमाणात म्हशींना पुन्हा चरू द्यावे, असा त्याचा रोख होता. सलीम अली १९८७ मध्ये गेले होते. ज्या संस्थेत त्यांनी हयात घालवली, जिचा ते चेहरा होते, त्याच संस्थेने दहा वर्षे मोजमाप करून त्यांच्या मताच्या उलट निष्कर्ष काढला आणि तो छापलाही.

सायबेरियन क्रौंच या काळात कमी होत गेला. २००२ च्या हिवाळ्यानंतर तो भारतात नोंदला गेलेला नाही. याचे खापर केवळ गवतावर फोडणे अन्यायाचे ठरेल. भरतपूरला येणाऱ्या थव्यांचा प्रवास अफगाणिस्तान आणि पाकिस्तानवरून होता. त्या वाटेवर शिकार होती, युद्धे होती, आटलेली सरोवरे होती. पण इतका प्रवास करून जो पक्षी उतरत होता, त्याच्यासाठी राखलेल्या तळ्यातच त्याचे जेवण गवताखाली गेले होते. जहांगीरच्या दरबारातल्या चित्रात तो आहे. भरतपूरच्या पाण्यात नाही.

कायदा, गवत आणि गावकरी

अहवाल आला म्हणून म्हशी परत आल्या का? नाही. राष्ट्रीय उद्यानाचा कायदा आडवा होता. १९८५ मध्ये युनेस्कोने भरतपूरला जागतिक वारसास्थळ ठरवले होते, त्यामुळे नियम सैल करणे आणखी कठीण होते. मधला मार्ग असा निघाला की, म्हैस नाही तर निदान माणसाने आत यावे आणि गवत कापून न्यावे. गावकऱ्यांना परवाने मिळू लागले. विळा घेतलेली बाई आत जाऊ लागली आणि तिच्या डोक्यावरच्या भाऱ्यातून गवत बाहेर जाऊ लागले. पुढे विलायती बाभळीने जमीन व्यापली, तेव्हा तीही गावकऱ्यांच्या समित्यांनीच मुळासकट काढली आणि लाकूड घरी नेले. ज्यांना १९८२ मध्ये भिंतीबाहेर काढले होते, त्यांच्याच हातांची गरज उद्यानाला लागली.

विळ्याचे काम आणि म्हशीचे काम मात्र एक नाही. बाई काठावरचे, हाताला येणारे गवत कापते. म्हैस खोल पाण्यात जाते, तळ ढवळते, शेण टाकते. तरीही गवताच्या भाऱ्याने एक गोष्ट साधली. उद्यान आणि गाव यांच्यात पुन्हा देवाणघेवाण सुरू झाली.

नंतर भरतपूरसमोर याहून मोठा प्रश्न आला, पाण्याचा. गंभीर नदीवर वर करौली जिल्ह्यात पांचना धरण झाले. तिथल्या शेतकऱ्यांनाही पाणी हवे होते. २००४ च्या सुमारास उद्यानाला पाणी सोडण्यावरून वाद पेटला आणि पुढची काही वर्षे तळे कोरडे पडू लागले. त्यानंतर इतर ठिकाणांहून पाइपलाइन आणि नाल्याने पाणी आणण्याच्या योजना झाल्या. म्हशींच्या काळात भांडण तळ्यातल्या गवताचे होते, आता ते तळ्यातल्या पाण्याचेच झाले.

आपल्याकडची तळी

हा प्रश्न राजस्थानपुरता नाही. नाशिक जिल्ह्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ बंधाऱ्यामुळे झालेले नांदूर मध्यमेश्वर हे पाणथळ 'महाराष्ट्राचे भरतपूर' म्हणून ओळखले जाते. रामसर यादीत गेलेली ही राज्यातली पहिली जागा. तिथेही गाळ, पाणवनस्पती, मासेमारी, शेती आणि पक्षी एकाच उथळ पाण्यावर अवलंबून आहेत. औरंगाबादला दिल्ली दरवाजाजवळ जुना खिजरी तलाव आहे. आज तो सलीम अली सरोवर या नावाने ओळखला जातो. शहराचे सांडपाणी जिथे पोचते तिथे जलपर्णी माजते, आणि शहरातल्या तळ्यांवर आज खरे संकट ते आहे. या तळ्यांवर फुले तोडणाऱ्यांकडे आणि म्हशी धुणाऱ्यांकडे बोट दाखवणे सोपे असते. सांडपाण्याचा नळ कोणाचा आहे, हे विचारणे अवघड जाते.

आणि अंगणातल्या हौदाचे काय? तिथे नियम थोडा वेगळा लागू होतो, कारण तो हौद लहान असतो आणि तो आपण केलेला असतो. नव्याने लावलेला कमळाचा कंद मूळ धरेपर्यंत नाजूक असतो. त्या काळात मातीवर जाड गोटे पसरावेत, म्हणजे मासे आणि कासव माती उकरत नाहीत. वरून काही आठवडे जाळी टाकावी, म्हणजे पाणकोंबडी कोवळे कोंब तोडत नाही. जाळी ताणून बसवावी आणि रोज पाहावी, कारण सैल जाळीत साप, बेडूक आणि पक्षी अडकून मरतात. पाने पाण्यावर पसरली की जाळी काढावी. त्यानंतर काही पाने खाल्ली जातील, काही फाटतील. जांभळी पाणकोंबडी कोंब खाते हे खरे, पण कमळपक्षी त्याच पानांवरून चालतो आणि पाण्यावर तरंगणाऱ्या वनस्पतींवरच अंडी घालतो. हौदाचा निम्माअधिक पृष्ठभाग पानांनी झाकू लागला, तर आपल्यालाच पाने काढावी लागतात. म्हैस नसलेल्या तळ्यात म्हशीचे काम मालकाला करावे लागते.

भरतपूरने जो धडा दिला तो यापेक्षा फार वेगळा नाही. संरक्षण कशाचे, कोणापासून आणि किती काळ, हे तिन्ही प्रश्न आधी विचारावे लागतात. १९८२ मध्ये पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'पाणवनस्पती आणि पक्षी' असे एका दमात दिले गेले, जणू दोघांचे हित एकच आहे. दुसऱ्याचे उत्तर 'म्हशींपासून' असे दिले गेले, कारण म्हैस डोळ्यांना दिसते आणि तिचा मालक गरीब असतो. तिसरा प्रश्न कोणी विचारलाच नाही. त्या गावांतल्या गुराख्याला कोणी बोलावून विचारले असते की, बाबा, तुझी म्हैस पाण्यात जाऊन काय खाते, तर त्याने गवताचे नाव सांगितले असते. त्याला ते इंग्रजीत ठाऊक नव्हते इतकेच.

सलीम अलींचे मोठेपण यामुळे कमी होत नाही. हे तळे शेतीसाठी कोरडे होऊ नये म्हणून जो माणूस पंतप्रधानांपर्यंत गेला, त्याचे ऋण भरतपूरवर कायम आहे. मोठ्या माणसाचे एखादे मत चुकू शकते. ते तपासण्याची सोय त्याने मागे ठेवली की नाही, हे पाहायचे असते. सलीम अलींनी ती ठेवली होती. पक्षी मोजायला, वही ठेवायला, पाहिल्याशिवाय न बोलायला त्यांनी एक पिढी शिकवली. त्या पिढीने मोजले आणि जे दिसले ते लिहिले. जहांगीर सारसाच्या घरट्याजवळ बसून पाहत होता, मन्सूर क्रौंचाचे पीस न् पीस न्याहाळत होता, ती परंपरा अशीच पुढे आली.

फिर्दौस म्हणजे भिंतीआडची बाग, हा अर्थ हजारो वर्षांपूर्वीचा. कुरआनात जन्नतच्या बागांचे वर्णन वारंवार येते ते खालून वाहणाऱ्या नद्यांसह. नदी वाहती राहायची तर तिला भिंतीतून आत यायला आणि बाहेर जायला वाट लागते. भरतपूरच्या भिंतीत पाण्यासाठी अशी वाट ठेवलेली होती. म्हशीसाठी आणि तिच्या मालकासाठी ती ठेवायची राहून गेली.